पगारतारखेचं ॲप-कर्ज फिटत नसेल तर नेमके कोणते मार्ग उरतात?

जमाखर्च (धागाकर्ता)

पंधरा दिवस ते महिनाभराच्या मुदतीचं, मोबाईलवर काही मिनिटांत मिळणारं कर्ज थकलं की माणसाला दोनच टोकांचे सल्ले मिळतात. एक, 'कुठूनही आण पण भर'. दुसरा, 'बिनतारणी आहे, बुडव, कोण काय करतंय'. दोन्ही सल्ल्यांनी लोक आणखी खोलात जातात. इथे बँकेतले, वसुलीतले, वकिलीतले सभासद आहेत, म्हणून एक उदाहरण मांडतो. त्यावर नेमकं बोलूया.

हातात येणारा पगार ₹२६,०००. भाडं, किराणा, शाळा, प्रवास मिळून ₹१७,०००. उरतात ₹९,०००. कर्जं तीन:

क: ₹१०,००० चं, ३० दिवसांचं. प्रोसेसिंग फी कापून हातात ₹८,२३०, पगाराच्या दिवशी एकरकमी ₹१०,९०० भरायचे.
ख: ₹१५,००० चं, तीन हप्त्यांत. हप्ता ₹५,८००.
ग: व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून उतरवलेलं ॲप. ₹५,००० मंजूर, खात्यात ₹३,१००, सात दिवसांत ₹५,००० परत.

पगाराच्या दिवशी मागणी ₹२१,७०० ची आणि हातात ₹९,०००. सुरुवात कुठून करायची?

शाखाप्रमुख_निवृत्त

सुरुवात कर्ज देणारा कोण हे ओळखण्यापासून. ॲप म्हणजे फक्त दुकानाची पाटी. पैसे देणारी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्तसंस्था) त्यामागे असते आणि तिचं नाव कर्जाच्या करारात आणि की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, म्हणजे कर्जाच्या अटी आणि शुल्कांच्या गोषवाऱ्यात (केएफएसमध्ये) असायलाच हवं. ते नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत एनबीएफसींच्या यादीत शोधा. १ जुलै २०२५ पासून तिथे कर्ज देणाऱ्या ॲप्सचीही यादी आहे. मात्र त्या यादीतली माहिती संस्थांनी स्वतः भरलेली असते, रिझर्व्ह बँक ती तपासून शिक्का मारत नाही. तेव्हा ॲप यादीत दिसलं तरी एनबीएफसीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या ॲपचं नाव आहे का, हे पाहा. दोन्हीकडे सापडलं तर धंदा खरा.

खात्याचा उतारा काढा. नियमाने पैसे थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातून यायला हवेत आणि परतफेडही थेट तिच्याच खात्यात जायला हवी. पैसे कुठल्या 'ट्रेडर्स'च्या नावाने आले असतील आणि परतफेड दर वेळी वेगळ्या यूपीआय आयडीवर मागत असतील, तर ती नियमातली संस्था नाही.

तळटीप

'ग' बद्दल एक सोपी खूण. पूर्ण रक्कम ६० दिवसांच्या आत परत मागणाऱ्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना गूगल प्ले स्टोअरच्या धोरणातच जागा नाही. सात दिवसांची कर्जं म्हणूनच लिंक पाठवून, एपीके (ॲपची फाइल) उतरवायला लावून दिली जातात.

हिशेबनीस

'क' चा हिशेब आधी मांडतो, कारण बहुतेकांना तो ठाऊक नसतो.

फी ₹१,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ₹२७०, म्हणून हातात ₹८,२३०. महिन्याने ₹१०,९००. म्हणजे ₹८,२३० वापरायचे ₹२,६७० लागले. महिन्याला ३२.४ टक्के, साध्या हिशेबाने वर्षाला सुमारे ३९५ टक्के. जाहिरातीत लिहिलेलं '९ टक्के महिना' हे फीशिवायचं. केएफएसमध्ये एपीआर नावाचा जो वार्षिक दर असतो, त्यात फी धरलेली असते. पाहायचा आकडा तो.

खरी गळती पुढे आहे. भरता येत नाही म्हटलं की ॲपमध्ये 'मुदत वाढवा' हे बटण पुढे येतं. समजा फी पुन्हा ₹१,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ₹१,७७०. ती भरली की महिनाभर शांतता, पण मुद्दलाचे ₹१०,००० जसेच्या तसे. तीन वेळा वाढवलं की ₹५,३१० गेले आणि एक रुपयाही फिटला नाही. तेच ₹५,३१० मुद्दलात गेले असते तर कर्ज अर्ध्यावर आलं असतं.

म्हणून माझा पहिला नियम: मुदतवाढीची फी भरायची नाही. तेवढेच पैसे अंशतः परतफेड म्हणून द्यायचे, आणि ते मुद्दलात जमा होणार असं लेखी घ्यायचं.

अनघा_प

आणि दुसऱ्या ॲपवरून घेऊन पहिल्याचं भरायचं नाही. ह्याची टोपी त्याला घालताना दर वेळी नवी फी कापली जाते, म्हणून प्रत्येक फेरीत कर्जाचा आकडा वाढतोच.

कोरडवाहू

हे सगळं बरोबर, पण ॲपमध्ये अंशतः भरण्याची सोयच नसते. 'पूर्ण भरा' किंवा 'मुदत वाढवा', एवढंच. मग?

हिशेबनीस

@कोरडवाहू, ॲप सोडा, ईमेल करा. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचा ईमेल आणि फोन केएफएसमध्ये आणि संकेतस्थळावर असतो. मजकूर असा चालेल:

"कर्ज खाते क्र. अमुक. देय तारीख अमुक, देय रक्कम ₹१०,९००. माझं उत्पन्न व आवश्यक खर्च सोबत जोडले आहेत. एकरकमी परतफेड शक्य नाही. दरमहा ₹३,२०० प्रमाणे हप्ते पाडून द्यावेत. पहिली रक्कम अमुक तारखेला भरतो, ती मुद्दलात जमा करावी. रक्कम थेट संस्थेच्या कोणत्या खात्यात भरायची ते लेखी कळवावं. या काळात ऑटो-डेबिट थांबवावं."

देय तारखेच्या चार-पाच दिवस आधी पाठवा. सोबत पगारपत्रक आणि तीन महिन्यांचा उतारा. थकल्यावर पाठवलेल्या ईमेलपेक्षा थकण्याआधी पाठवलेल्याला वजन जास्त, कारण खातं तोवर नियमित असतं आणि संस्थेलाही ते तसंच ठेवायचं असतं.

वसुलीतला

आतली बाजू सांगतो. थकबाकीचे ३०, ६० आणि ९० दिवस हे टप्पे महत्त्वाचे. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. पहिल्या ३० दिवसांत फोनवरच्या माणसाकडे सूट देण्याचा अधिकार नसतो, फार तर दंडाची रक्कम माफ होते. हप्ते पाडून देण्याचा अधिकार वरच्या पातळीवर असतो. म्हणून फोनवर दहादा रडगाणं गाऊन काही होत नाही आणि लेखी अर्ज वर सरकतो. हिशेबनीस यांनी ईमेल सांगितलाय तो त्यासाठीच.

पण हप्ते पाडून घेतले की क्रेडिट रिपोर्टमध्ये 'रीस्ट्रक्चर्ड' अशी नोंद येऊ शकते. ती 'सेटल्ड'पेक्षा (कमी रकमेत तडजोड करून मिटवलेलं) बरी, नियमित खात्यापेक्षा वाईट. आधी विचारून घ्या.

निमकर_वकील

भीती दाखवण्याचे जे प्रकार चालतात, त्यांबद्दल कायदा काय म्हणतो ते मांडते.

कर्ज न फेडता येणं हा दिवाणी मामला आहे. घेतानाच खोटी कागदपत्रं दिली असतील तर गोष्ट वेगळी. व्हॉट्सॲपवर येणारं 'अटक वॉरंट' खोटं असतं, कारण अशा थकबाकीसाठी वॉरंट निघत नाही आणि निघालेलं वॉरंट एजंटकडून येत नाही.

मात्र 'काहीच होत नाही' हेही खरं नाही. खात्यात पैसे नसल्यामुळे नॅच या बँकांमधल्या व्यवस्थेतलं ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप होणारी कपात, परत गेलं, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ चं कलम २५ लागू शकतं. चेक बाऊन्सच्या कलम १३८ सारखीच रचना. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत संस्थेने लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण भरायचं. त्या १५ दिवसांत रक्कम भरली तर गुन्हा पूर्णच होत नाही. न भरल्यास शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून पोस्टाने आलेलं पाकीट परत पाठवू नका. घ्या, तारीख लिहून ठेवा.

लवादाची (न्यायालयाबाहेर निवाडा देणाऱ्याची) नोटीस हल्ली ईमेलवर येते. तीही दुर्लक्षित करू नका. एकट्या संस्थेने परस्पर नेमलेला एकमेव लवाद सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर आव्हान देण्याजोगा आहे, पण आक्षेप लेखी नोंदवावा लागतो. निवाडा झालाच तर आव्हानाला तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर फार तर आणखी ३० दिवस.

लोकअदालतीची नोटीस मात्र घाबरण्याची नाही. तिथे फक्त तडजोड होते. न गेलात तर एकतर्फी निकाल लागत नाही. जाणं मात्र फायद्याचं, कारण तिथे संस्थेचा अधिकार असलेला माणूस समोर असतो.

कोरडवाहू

आणि पगार जप्त? एजंट लोक 'ऑफिसात येऊन पगार अडकवतो' म्हणतात.

निमकर_वकील

न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय कोणालाही पगार अडकवता येत नाही. हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पगारातले पहिले ₹१,००० आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित. ₹२६,००० वर जास्तीत जास्त सुमारे ₹८,३३३. तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच. भविष्य निर्वाह निधीतली शिल्लक जप्त होत नाही.

सायली_द

ऑटो-डेबिटचा प्रश्न थोडा उलगडायला हवा, कारण बरेच लोक तिथेच फसतात.

पगार पहिल्या तारखेला सकाळी जमा होतो आणि मॅंडेट (खात्यातून आपोआप कापून घ्यायला आपण दिलेली संमती) त्याच सकाळी येतं. ₹९,००० उरतील असा हिशेब कागदावर असतो, प्रत्यक्षात 'क' ₹१०,९०० ओढून घेतं आणि भाड्याला पैसे उरत नाहीत. आणि पैसे नसले तर मॅंडेट परत जातं. त्याचा दंड बँक वेगळा लावते, संस्था वेगळा. दोन-तीनदा पुन्हा पाठवलं की प्रत्येक वेळी बँकेचा दंड.

उपाय: पगार दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळवा. आस्थापनाकडे अर्ज पगारपत्रक बंद होण्याआधी जायला हवा. नंतर दिला तर त्या महिन्यात बदल होत नाही. मॅंडेट रद्द करायचं तर आपल्या बँकेत यूएमआरएन, म्हणजे त्या मॅंडेटच्या क्रमांकासह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तो क्रमांक नेट बँकिंगमध्ये मॅंडेटच्या यादीत किंवा उताऱ्यातल्या नोंदीत सापडतो. यूपीआय ऑटोपे असेल तर यूपीआय ॲपमध्ये 'मॅंडेट' विभागात पाहा. तिथून रद्द होत नसेल तर बँकेतच जावं लागतं.

कर्ज ज्या बँकेचं त्याच बँकेत पगार असेल, तर तो तिथून आधी हलवा. बँकेला स्वतःच्या येण्यापोटी तुमच्या खात्यातली रक्कम वळती करण्याचा अधिकार असतो.

निमकर_वकील

सायलीताईंच्या मुद्द्याला जोड. मॅंडेट रद्द केल्याने देणं रद्द होत नाही. रद्द करण्याआधी संस्थेला ईमेल गेलेला असावा आणि ठरलेली रक्कम आपण हाताने भरलेली असावी. नाहीतर हेतूबद्दल शंका घ्यायला जागा मिळते.

रानवारा

'ग' सारख्या ॲपचं काय करायचं ते कोणी लिहीत नाहीये. तिथे ईमेल पाठवून काही होत नाही. फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे गेलेले असतात आणि चौथ्या दिवशी आत्या-मामांना मेसेज सुरू होतात.

तळटीप

@रानवारा, क्रमाने सांगतो.

आधी पुरावा. ॲप काढून टाकण्याआधी कर्जाची पानं, मंजूर रक्कम, जमा रक्कम, यूपीआय आयडी या सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि वेळ दिसेल असे. नातेवाइकांना आलेले मेसेज त्यांनी पुसू नयेत. स्क्रीनशॉट मागवून घ्या.

मग ॲपच्या परवानग्या, म्हणजे कॉन्टॅक्ट, फोटो, एसएमएस, एकेक बंद करा आणि मग ॲप काढा. फोन फॉरमॅट करू नका, पुरावा जातो. ॲपला 'डिव्हाइस ॲडमिन' किंवा 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी दिलेली असेल तर ती आधी काढावी लागते, नाहीतर ॲप निघतच नाही. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पोचक्रमांक जपून ठेवा. नोंदणी नसलेल्या सावकारीची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही करा. फोटोत फेरफार करून पाठवले असतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, धमकीसाठी ३५१, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७. अर्जात कलमं लिहिलीच पाहिजेत असं नाही. घडलं ते तारीखवार लिहा.

आणि जवळच्या लोकांना आपणच आधी कळवा: "माझा फोन हॅक झाला आहे, माझ्या नावाने काही आलं तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा." धमकीचं निम्मं बळ तिथेच संपतं.

शाखाप्रमुख_निवृत्त

'हॅक झाला' असं खोटं कशाला? 'एका बनावट कर्ज ॲपने माझे संपर्क चोरले आहेत' एवढं खरं सांगितलं तरी काम होतं. पुढे पोलिसांत जबाब देताना विसंगती राहत नाही.

तळटीप

मान्य. तेच लिहावं.

जमाखर्च

'ग' चे पैसे भरायचे की नाही? ₹३,१०० तर खात्यात आलेच आहेत.

निमकर_वकील

महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे आणि विनापरवाना सावकाराने दावा केला तरी न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून बिनतारणी कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे. ₹३,१०० वर सात दिवसांत ₹१,९०० यात कुठेच बसत नाहीत. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. गल्लीतला सावकार असेल तर हा मार्ग विशेष उपयोगी. चेहरा नसलेल्या ॲपसाठी सायबर तक्रारच.

'क' आणि 'ख' ला मात्र हा कायदा लावू नका. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या एनबीएफसींना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२२ चा निकाल आहे.

वसुलीतला

भरायचं की नाही यावर व्यवहारातली बाजू: अशा ॲपला पैसे दिले की छळ थांबत नाही. 'हा घाबरून भरतो' अशी नोंद होते आणि न मागता खात्यात पुन्हा ₹२,००० टाकून नवी वसुली सुरू होते. तसे पैसे आले तर वापरू नका आणि अनोळखी आयडीवर परतही पाठवू नका. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा.

मधुरा_का

छळाच्या दिवसांत घरातल्या माणसाला एकटं सोडू नका, हेही इथे लिहून ठेवते. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. लाजेपोटी न बोलणारे लोकच जास्त धोक्यात असतात.

अनघा_प

मधुराताई, धन्यवाद. हे वरती चिकटवून ठेवायला हवं.

मुक्तछंद

माझं मत वेगळं आहे. 'क' आणि 'ख' दोन्ही ९० दिवस थकू द्यावीत आणि मग निम्म्यात सेटलमेंट करावी. बिनतारणी कर्जावर संस्था सूट देतातच. ₹२५,००० साठी कोणी कोर्टात जात नाही. सिबिलचं पाहू नंतर.

वसुलीतला

@मुक्तछंद, ज्याच्याकडे खरंच पर्याय नाही, त्याच्यासाठी सेटलमेंट आहे. उरलेले ₹९,००० भरू शकणाऱ्याने मुद्दाम थकवणं महागात जातं. त्या ९० दिवसांत दंड आणि बाऊन्स चार्ज साचतात आणि सूट त्या फुगलेल्या आकड्यावर मिळते. ₹१०,९०० चे ₹१६,००० झाले आणि ४० टक्के सूट मिळाली, तरी भरायचे ₹९,६००. वाचले ₹१,३००, आणि रिपोर्टवर 'सेटल्ड' वर्षानुवर्षं. शिवाय तडजोड केल्यावर तीच संस्था निदान १२ महिने नवं कर्ज देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकातच तशी अट आहे.

मुक्तछंद

आकडे पटले. पण नोकरीच गेली असेल, उरणारे ₹९,००० ही नसतील, तर सेटलमेंटच करावी लागणार. तेव्हा काय जपायचं?

वसुलीतला

पत्र. बाकी सगळं त्यात आलं. पत्र संस्थेच्या अधिकृत ईमेलवरूनच हवं, एजंटच्या जीमेलवरून नको. त्यात कर्ज खाते क्रमांक, एकूण येणं, तडजोडीची रक्कम, तारीख, 'पूर्ण व अंतिम' हे शब्द आणि क्रेडिट ब्युरोला काय कळवणार ते हवं. पत्र हातात येण्याआधी एक रुपया देऊ नका. 'आज संध्याकाळपर्यंतच ऑफर' हे महिनाअखेरीला सगळ्यांना सांगितलं जातं, कारण तेव्हा एजंटचं टार्गेट असतं. त्याच कारणाने घासाघीसही महिनाअखेरीलाच नीट होते. पैसे फक्त कर्ज खात्यात. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर दिलेले पैसे जमा झाले नाहीत तर सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. तडजोड हप्त्यांत असेल तर एक हप्ता चुकला तरी सूट रद्द होते, हे कलम वाचून मगच हो म्हणा.

हिशेबनीस

दंडाबद्दल भर. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार 'दंडव्याज' लावता येत नाही, फक्त दंडशुल्क. त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. आणि बँका-एनबीएफसींच्या या दंडशुल्कावर जीएसटी नाही, जानेवारी २०२५ मध्ये तसा खुलासा झालेला आहे. खात्याचा उतारा मागवा आणि प्रत्येक ओळ केएफएसशी ताडून पाहा. केएफएसमध्ये नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तडजोडीला बसण्याआधी ही रक्कम वजा करायला लावा.

निवांत_पाटील

कर्जमुक्ती करून देतो म्हणणाऱ्या कंपन्यांकडे जावं का? महिन्याला फी घेतात आणि म्हणतात फोन आम्ही सांभाळू.

शाखाप्रमुख_निवृत्त

पाटीलसाहेब, त्या जे करतात ते वरच्या चार प्रतिसादांत आलंय. शिवाय बहुतेक जणी 'हप्ते भरू नका, ते पैसे आमच्याकडे साठवा' म्हणतात, आणि नोटीस मात्र तुमच्याच नावाने येते. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना तिथे वकील फुकट मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ₹३ लाखांच्या आत असेल तर. १५१०० वर चौकशी होते.

कोरडवाहू

आमच्याकडे बायकांच्या गटांना मायक्रोफायनान्सची कर्जं आहेत. त्यांना हेच लागू का?

सायली_द

बरंचसं. फरक एवढा की वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ₹३ लाखांपर्यंतच्या घराला दिलेल्या अशा बिनतारणी कर्जाच्या वसुलीची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. बाकी कर्जांसाठी सकाळी ८ ते संध्याकाळी ७. आणि मायक्रोफायनान्समध्ये घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होतील, असं कर्ज द्यायलाच मनाई आहे. दिलं असेल तर तोच तक्रारीचा मुद्दा.

वेळेबाहेर फोन, नातेवाइकांना फोन, शिवीगाळ, यांतलं काहीही झालं तर आधी संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर, फुकट. चौकशीसाठी १४४४८. डिजिटल कर्जात वसुली एजंटचं नाव त्याचा फोन येण्याआधी एसएमएस किंवा ईमेलने कळवायला हवं. तसं कळवलेलं नसेल तर तेही तक्रारीत घाला. 'सेटलमेंट देत नाहीत' ही तक्रार मात्र लोकपाल घेत नाही, तो संस्थेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो.

रानवारा

स्वस्त पैसा कुठून उभा करायचा यावर कोणी लिहा.

हिशेबनीस

पहिली जागा पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था, सभासद असाल तर. वर्षाला १२ टक्के धरले तर ₹१०,९०० वर महिन्याचं व्याज ₹१०९. वर मुदतवाढीची फी ₹१,७७० होती. हप्ता पगारातून कापला जातो, म्हणून चुकत नाही.

मुदत ठेव असेल तर मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. पीपीएफ तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर दोन वर्षांपूर्वीच्या अखेरच्या शिलकीच्या २५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पीपीएफच्या दरापेक्षा फक्त एक टक्का जास्त आणि फेडायला ३६ महिने. जुन्या विमा पॉलिसीवर सरेंडर व्हॅल्यूच्या (पॉलिसी मध्येच बंद केली तर मिळणाऱ्या रकमेच्या) प्रमाणात कर्ज मिळतं. आस्थापनाकडे पगाराची उचल मागणं अवघड वाटतं, पण तिथे बहुधा व्याजच नसतं.

अनघा_प

सोनं?

हिशेबनीस

घरात विचारून, आणि फक्त 'क' सारख्या महागड्या कर्जापुरतं. एकरकमी परतफेडीचं न घेता हप्त्याचं घ्या. मुदतीला मुद्दल जमलं नाही तर दागिना लिलावात जातो. बिनतारणी देणं फेडायला तारण अडकवतोय, हे भान ठेवून मगच.

जमाखर्च

बरंच हाती आलं. मूळ उदाहरणावर वरच्या सगळ्याचा मेळ घालून असं बसतं, चुकत असेल तर सांगा.

देय तारखेच्या पाच दिवस आधी 'क' ला ईमेल. पगार दुसऱ्या खात्यात. 'ग' ची १९३० वर आणि 'सचेत'वर तक्रार, पैसे नाहीत. ₹९,००० पैकी 'ख' चा ₹५,८०० चा हप्ता वेळेवर, कारण तो आधीच हप्त्यांत आहे आणि नियमित राहू शकतो. उरलेले ₹३,२०० 'क' च्या कर्ज खात्यात, मुद्दलापोटी असं लिहून. मुदतवाढ नाही. दरम्यान पतसंस्थेत ₹१०,००० चा अर्ज. मंजूर झाला की 'क' पूर्ण बंद.

निमकर_वकील

बसतंय. फक्त 'ग' च्या तक्रारीत खात्यात ₹३,१०० आल्याचं लपवू नका. रक्कम, तारीख आणि पाठवणाऱ्याचा आयडी लिहा. तपासात पैशाचा माग तिथूनच लागतो.

वसुलीतला

'क' ने ₹३,२०० घेऊन ते दंडात टाकले, असं घडतं. भरल्यानंतर आठवड्यात उतारा मागवा. आपण भरताना कशापोटी ते लिहिलं असेल तर दुरुस्ती मागायला आधार राहतो.

निवांत_पाटील

नवीन कर्ज घेऊन दुसऱ्याच दिवशी चूक लक्षात आली तर? परत करता येतं का?

सायली_द

येतं. डिजिटल कर्जाला 'कूलिंग-ऑफ' मुदत असते. २०२२ च्या नियमांत सात किंवा त्याहून जास्त दिवसांच्या कर्जाला ती किमान तीन दिवस होती. मे २०२५ च्या निर्देशांनुसार ती संस्थेने ठरवायची, पण किमान एक दिवस. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, दंड नाही. प्रोसेसिंग फी राखून ठेवता येते, पण केएफएसमध्ये तसं आधी लिहिलेलं असेल तरच. किती दिवस ते केएफएसमध्येच असतं.

मुक्तछंद

वाचनखूण साठवली. कर्ज बंद झाल्यावर काही करायचं राहतं का?

शाखाप्रमुख_निवृत्त

नो ड्यूज प्रमाणपत्र ईमेलवर मागवा आणि मॅंडेट रद्द झाल्याची बँकेकडून खात्री करा. बंद कर्जाचं मॅंडेट जिवंत राहून पुन्हा डेबिट येण्याचे प्रकार होतात. महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा. चारही ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. खातं 'क्लोज्ड' आणि शिल्लक शून्य दिसायला हवी. चुकीचं दिसलं तर ब्युरोकडे ऑनलाइन हरकत घ्या आणि प्रमाणपत्र जोडा. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाई मिळते. हरकत घेतानाच बँक खात्याचा तपशील बरोबर भरा, भरपाई त्याच खात्यात येते.